फडात दाजी म्हणायचं नाही

"त्यांनी माझ्या भावाला धा माणसांत सांगितलं, फडात दाजी म्हणायचं न्हाई. मुकादम म्हणायचं."

सुमनबाई एवढं बोलल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिल्या. जूनचा पहिला आठवडा होता. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली माणसं पेरणीच्या आधी अडलेली सगळी कामं उरकून घेतात, आणि त्या दिवसांत माझ्याकडे समुपदेशनालाही गर्दी असते. बाई चार तास बसून, दोन एस. टी. बदलून आल्या होत्या. मला वाटलं होतं, दारू असेल, मारहाण असेल, नाहीतर कर्ज. त्यांनी आणला होता तो हा एक शब्द: दाजी.

(सुमनबाई आणि त्यांचा नवरा, दोघांचीही परवानगी घेऊन लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ऊसतोडीचं जग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातली गावंच्या गावं रिकामी होतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. परततात मार्च-एप्रिलमध्ये, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. हंगामाच्या आधी जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम मिळते आणि ती फिटेपर्यंत फडात, म्हणजे उसाच्या रानात, ऊस तोडायचा. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, म्हणजे तेवढी मजुरी तर बुडतेच, वर दंडही कापला जातो. हे सगळं ज्याच्या वहीत लिहिलं जातं तो मुकादम.

सुमनबाई आणि त्यांचा नवरा ज्ञानोबा नऊ हंगाम एक कोयता होते. तिसऱ्या हंगामात त्यांची थोरली मुलगी कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, तापाने फणफणली. दोन दिवस दोघं फडात गेले नाहीत आणि तेव्हाच्या मुकादमाने दोन्ही दिवस खाडे मांडले. त्या रात्री ज्ञानोबा कोपीच्या बाहेर बसून रडला होता. "पोरीच्या तापाला सुदीक खाडा लावतेत," हे त्याचं तेव्हाचं वाक्य सुमनबाईंना जसंच्या तसं आठवत होतं.

चार वर्षांपूर्वी तोच मुकादम झाला. पहिल्या वर्षी सहा कोयते होते, आता चौदा. गेल्या जानेवारीत सुमनबाईंच्या भावजयीला अंगावरून इतकं जात होतं की उभं राहवत नव्हतं. ती दोन दिवस कोपीत पडून राहिली. ज्ञानोबाने दोन खाडे मांडले. भाऊ म्हणाला, "दाजी, आजारी हाय ती." आणि मग टोळीसमोर ते वाक्य आलं. भाऊ पट्टा पडल्यापासून बहिणीच्या दारात आलेला नाही. अक्षय तृतीयेलाही आला नाही.

"ज्याला चटका बसलाय त्यानंच दुसऱ्याला कसा द्यावा, मॅडम? का हे त्यांच्या रक्तातच होतं आन् मला चौदा वर्षं कळलं न्हाई?"

हा प्रश्न माझ्याकडे अनेक वेषांत येतो. मुलगा फौजदार झाला आणि बापाशी गुन्हेगाराशी बोलावं तसं बोलू लागला. जाऊ बचत गटाची अध्यक्ष झाली आणि घरातही सही घेतल्याशिवाय साखर देईना. सासूच्या हाताखाली वीस वर्षं पोळून निघालेली बाई सुनेच्या ताटातल्या भाकरी मोजू लागली. घरची माणसं दोनच निष्कर्ष काढतात. एक तर "मूळ स्वभाव आता उघडा पडला", नाहीतर "पद डोक्यात गेलं". पहिल्या निष्कर्षाने माणूस कायमचा वाया गेल्यात जमा होतो, आणि दुसऱ्याने तो आपोआप सुटतो, कारण दोष पदाचा ठरतो. मला दोन्ही पटत नाहीत.

सुमनबाईंना मी आधी साधे प्रश्न विचारले. तुमच्यावर हात उचलतात का? पोरांवर? खर्चाला पैसे अडवतात का? तुम्ही इथे आलात हे त्यांना माहीत आहे का? हे प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारतेच, कारण जिथे मार आहे तिथे स्वभावाची चर्चा नंतर, आधी जिवाची सोय. (तुमच्या घरी तसं असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि तातडीला ११२.) सुमनबाई म्हणाल्या, हात कधी उचलला नाही. "पण आता मला बी ए म्हणून हाक मारतेत. आधी सुमे म्हणायचे."

दाजी गेलं, सुमे गेलं. मी वहीत एवढंच लिहिलं.

ज्ञानोबा येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. तो आला, पंधरा दिवसांनी. दोन मोबाईल, पांढरा शर्ट, खिशाला पेन. खुर्चीच्या टोकावर बसला आणि पहिलंच वाक्य म्हणाला, "मुकादमकी गोडीनं होत न्हाई, मॅडम. हे तिला कळत न्हाई." मी वाद घातला नाही. मुकादमकी कशी होते ते सांगा, म्हटलं. तो तासभर बोलला, आणि त्या तासात माझी बरीच समजूत दुरुस्त झाली.

कारखान्याची उचल मुकादमाच्या नावावर असते. तो ती पुढे जोड्यांना वाटतो. जोडी पळून गेली की पैसे त्याच्या डोक्यावर. त्याच्या दुसऱ्या हंगामात दोन जोड्या रात्रीतून गेल्या. वाहतूकदाराने त्याला कारखान्याच्या गेटवर बसवून ठेवलं, घरी फोन लावायला लावला, आई-बापाला ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या. त्याने एक एकर गहाण टाकून ते पैसे भरले. गावी आल्यावर दोन जुन्या मुकादमांनी त्याला चहाच्या टपरीवर शहाणपण शिकवलं. मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात. नातं घरी ठेवायचं. फडात हसायचं नाही, आणि कोणाच्या कोपीत चहा प्यायचा नाही.

"आन् ते खरंच निघालं," ज्ञानोबा म्हणाला. "त्यानंतर एक बी जोडी पळाली न्हाई."

दुसऱ्या भेटीत मी त्याला एक गोष्ट सांगितली. पुस्तकी उदाहरणं मी समुपदेशनात सहसा काढत नाही, पण हा माणूस हिशोबी होता. हिशोबी माणसाला पुरावा आवडतो.

अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात, १९७१च्या ऑगस्टमध्ये फिलिप झिंबार्डो नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तळघरात खोटा तुरुंग उभारला. धडधाकट, साध्या घरांतली २४ कॉलेजची पोरं निवडली आणि कोण कैदी, कोण पहारेकरी हे नाणं उडवून ठरवलं. पहारेकऱ्यांना खाकी कपडे, दंडुका आणि डोळे दिसू नयेत असा आरशासारखा चष्मा. कैद्यांना नाव नाही, नंबर. आणि पहारेकऱ्याला नावाने हाक मारायची नाही, "मिस्टर करेक्शनल ऑफिसर" म्हणायचं. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला. पोरं पोरांना रात्री उठवून उभं करत होती, उघडं करून अपमान करत होती, अंधाऱ्या कपाटात कोंडत होती. काही पहारेकरी भले होते, पण त्या भल्यांनीही बाकीच्यांना अडवलं नाही.

ज्ञानोबाने विचारलं, "पैशे देत होते का त्या पोरांना?"

"हो. दिवसाला १५ डॉलर. दोघांनाही सारखेच."

"म्हंजी दोघं बी रोजंदारीवरचेच की."

मी वर्षानुवर्षं हा प्रयोग लोकांना सांगत आले आहे. एवढं सरळ मला कोणी ऐकवलं नव्हतं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याने खरा प्रश्न विचारला. "त्यांला कुणी सांगितलं व्हतं का, असं वागा म्हणून?"

या प्रश्नापाशी मला थांबावंसं वाटतं, कारण स्टॅनफर्डची गोष्ट आपल्याकडे अर्धवट सांगितली जाते: खुर्ची दिली की चांगला माणूसही राक्षस होतो. नंतर संशोधकांनी जुन्या ध्वनिफिती आणि कागद तपासले तेव्हा वेगळंच पुढे आलं. कैद्यांना असहाय वाटलं पाहिजे हे पहारेकऱ्यांना सुरुवातीलाच सांगितलेलं होतं. जो पहारेकरी मवाळ वागत होता त्याला वॉर्डनची भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याने बाजूला घेऊन सांगितलं होतं, कडक हो, प्रयोगाला त्याची गरज आहे. खुद्द झिंबार्डो त्या तुरुंगाचे अधीक्षक बनून बसले होते. पुढे इंग्लंडमध्ये अलेक्झांडर हॅस्लम आणि स्टीफन रायकर यांनी बीबीसीसाठी असाच तुरुंग मांडला तेव्हा पहारेकरी जुलूम करायला धजावलेच नाहीत. त्यांना आपल्या पदाचीच लाज वाटत होती आणि कैद्यांनी त्यांची सत्ता उलथून टाकली. म्हणजे नुसत्या गणवेशाने माणूस बदलत नाही. तसं वागणं म्हणजेच शहाणपण, असं कोणीतरी त्याच्या कानात घालावं लागतं, आणि त्यालाही ते पटावं लागतं.

म्हणून मी ज्ञानोबाला म्हटलं, "हो, सांगितलं होतं. तुम्हाला टपरीवर सांगितलं तसंच."

त्याने दोन्ही मोबाईल टेबलावर पालथे ठेवले.

सोसलेला माणूस मऊ होतो ही आपली समजूत फार जुनी आणि फार प्रेमळ आहे, पण ती खरी नाही. सोसलेल्या माणसाजवळ अधिकार कसा चालवायचा याचा एकच नमुना असतो, ज्याने त्याला सोसायला लावलं त्याचा. ज्ञानोबाने उभ्या आयुष्यात दुसऱ्या तऱ्हेचा मुकादम पाहिलेलाच नव्हता. आणि त्याला परत खाली जाण्याची धास्ती होती. टोळीतल्या माणसांत त्याला आपला कालचा कोयता दिसत होता आणि तो दिसू नये म्हणून त्याने हाका बदलल्या, चहा बंद केला. हे क्रौर्य नव्हे, पण क्रौर्याला याच वाटेने घरात येता येतं.

हे मला कळतं, कारण मीही एका खुर्चीत बसले आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी दोन वर्षं लातूरला मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते. शिकवणीहून दहा मिनिटं उशिरा आलेल्या मुलींना मी अर्धा तास जिन्यात उभं करत असे. त्यात एक सोळा वर्षांची, परभणीकडची मुलगी होती. ती रोज उभी राहायची आणि रोज "सॉरी मॅडम" म्हणायची. तिची बस उशिरा येते हे मला वर्ष संपताना, विचारल्यावर कळलं. त्याआधी विचारायचं मला सुचलंच नव्हतं, कारण रजिस्टरमध्ये तसा रकाना नव्हता.

तिसऱ्या भेटीला मी ज्ञानोबाला वही घेऊन यायला सांगितलं. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. आत रकाने: कोयता १, कोयता २, कोयता ३. पुढे उचल, किराणा, दवाखाना, खाडे. खाडे लाल पेनाने. चौदा कोयते, म्हणजे अठ्ठावीस माणसं, आणि पूर्ण वहीत एकही नाव नाही. मी एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, नंबरासमोर दोघांची नावं लिहा.

पुरुषांची नावं त्याने भराभर लिहिली. बायकांपाशी पेन अडखळू लागलं. पहिल्या पाचांत दोन नावं आली, तिघींसमोर त्याने "घरवाली" लिहिलं आणि मग स्वतःच ते खोडलं. ज्या बायका पाच महिने पहाटे चारला उठून फडात जातात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढतात, त्यांची नावं त्याला माहीत नव्हती. सहाव्या कोयत्यापाशी तो थांबला. तो मेव्हण्याचा कोयता होता. त्याने मेव्हण्याचं नाव लिहिलं. पुढे भावजयीचं लिहायचं होतं. ते त्याला माहीत होतं, तिच्या लग्नात त्यानेच पंगतीला वाढलं होतं. तो कागदाकडे बघत बसला. घड्याळाकडे माझं लक्ष होतं, चार मिनिटं गेली.

"मी तिला दवाखान्यात बी नेलं न्हाई," तो म्हणाला.

वहीतला लाल रकाना काय करतो ते आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. २०१९मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. पण पाळीच्या दिवसांतल्या खाड्याची धास्ती हे त्यातलं एक, असं बायका स्वतः सांगतात. प्रत्येक मुकादम काही वाईट माणूस नसतो. तो फक्त रकाना भरत असतो.

आता सुमनबाईंचं. त्यांना पहिल्यापासून वाटत होतं की आपण बोललो तर घर मोडेल. मी त्यांना दुसरा एक प्रयोग सांगितला, तोही अमेरिकेतलाच. येल विद्यापीठात १९६१मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी साध्या माणसांना दुसऱ्या माणसाला विजेचे धक्के द्यायला सांगितलं. धक्के खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. समोर साहेब उभा राहून "चालू ठेवा" म्हणत होता, तेव्हा ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. हे सगळे सांगतात. त्याच प्रयोगाचा दुसरा प्रकार कमी सांगितला जातो. शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी "आम्ही नाही करणार" म्हटलं, तेव्हा शेवटपर्यंत गेले ४० पैकी फक्त चार.

स्टॅनफर्डचा तुरुंगही एका बाईच्या बोलण्याने बंद झाला. क्रिस्टिना मॅस्लॅक ही तरुण मानसशास्त्रज्ञ मुलाखती घ्यायला आली, तिने डोक्यावर पिशव्या घातलेल्या, पायांत साखळी बांधलेल्या पोरांची रांग शौचालयाकडे नेताना पाहिली आणि ती झिंबार्डोंवर चिडली. तुम्ही या मुलांचं काय करताय, असं तिने तोंडावर विचारलं. तोपर्यंत सुमारे पन्नास बाहेरच्या माणसांनी तो तुरुंग पाहिला होता, पण आक्षेप घेणारी ती एकटी होती, असं झिंबार्डो पुढे स्वतःच सांगत. आणि दोघांचं जमलेलं होतं, वर्षभरात त्यांनी लग्न केलं.

सुमनबाईंनी एवढंच विचारलं, "म्हंजी चिडलं तर चालतंय?"

चालतं. पण कसं, यावर आम्ही बरंच बसलो. माणसांसमोर नाही, एकांतात. "तुम्ही बदललात" असं नाही, कारण त्यावर कोणीही "मी काय बदललो" म्हणतो आणि भांडण तिथेच अडकतं. एक प्रसंग, एक दिवस, एक माणूस घेऊन बोलायचं. आणि एकटीने नाही. ज्ञानोबाचे चुलते टोळीबरोबर जातात, त्यांचं तो ऐकतो. त्यांनाही तो खाडा खटकला होता, पण "मुकादमाला कोण बोलणार" म्हणून ते गप्प होते. पुतण्याला मुकादम म्हणणारे ते पहिले होते, हे त्यांच्या स्वतःच्या ध्यानात नव्हतं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, उपास सोडल्यावर, चुलते आणि सुमनबाई ओसरीवर बसले आणि जानेवारीच्या त्या दोन दिवसांबद्दल बोलले. सुमनबाईंनी मला सांगितलं त्याप्रमाणे ज्ञानोबा आधी ओरडला, मग गोठ्यात जाऊन बसला, मग परत आला.

सगळं सुरळीत झालं असं लिहिणं खोटं होईल. उचलीचा फास तसाच आहे. गेटवर बसवून शिव्या देणारा वाहतूकदार उद्याही असेल. ज्ञानोबाने येत्या हंगामासाठी दोन गोष्टी ठरवल्या: बायकांना महिन्याला दोन दिवस बिनखाड्याचे, आणि आजारपणाला दवाखान्याची चिठ्ठी असेल तर दंड नाही. ते पैसे त्याच्या कमिशनमधून जाणार आहेत. किती वर्षं झेपेल त्याचं त्यालाही सांगता येत नाही. टपरीवरचे जुने मुकादम हसले. मधल्या काळात एका जोडीने उचल घेऊन फोन बंद केला तेव्हा तो तसाच, जुन्या आवाजात ओरडला, असं सुमनबाईंनी कळवलं. मला ते ऐकून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. भूमिका अंगातून निघायला ती अंगात शिरायला लागली त्याहून जास्त दिवस लागतात.

एक गोष्ट त्याला मी चौथ्या भेटीत स्पष्ट सांगितली, आणि ती तशीच इथेही सांगते. दबाव होता, शिकवणारे होते, भीती होती, हे सगळं खरं आहे. ते मेव्हण्याला सांगताना "म्हणून" हा शब्द वापरायचा नाही. "माझ्यावर दबाव होता म्हणून मी खाडा लावला" असं नाही. दबाव होता. आणि मी खाडा लावला. त्याने ती दोन वाक्यं माझ्यासमोर तीनदा म्हणून पाहिली. तिसऱ्यांदा आवाज फाटला.

मेव्हणा पोळ्याला आला. माफीवर तो फारसं बोलला नाही. त्याने यंदा दुसऱ्या मुकादमाची उचल घेतली होती, ती त्याने परत केली नाही, आणि ज्ञानोबाने तसं म्हटलंही नाही. जेवायला बसल्यावर "दाजी, पुरणपोळी घ्या की अजून" असं तो म्हणाला, एवढं सुमनबाईंनी मला दोनदा सांगितलं.

दसऱ्याच्या आधी त्यांचा फोन आला. टोळी निघायची होती, मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. नवी वही आणलीय, म्हणाल्या. सुमनबाई सातवी शिकलेल्या आहेत, अक्षर चांगलं आहे. नावं लिहायला ज्ञानोबाने त्यांनाच बसवलं होतं.

"बायकांचीसुद्धा लिहिलीत ना?" मी विचारलं.

"आधी बायकांचीच लिहिली," त्या म्हणाल्या. "दोघींची माहीत नव्हती. मग जाऊन इचारून आले."